मूळव्याधीवरील पारंपरिक उपचार

मूळव्याधीवरील पारंपरिक उपचार म्हणजे गुदद्वारातील व त्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजल्याने होणारा रक्तस्राव, ठणका, खाज आणि मोड बाहेर येणे या तक्रारींवर आयुर्वेद, लोकवैद्यक व घरगुती परंपरेतून केले जाणारे उपाय होत. महाराष्ट्रात ताक, सुरण, हिरडा, नागकेशर, कोमट पाण्यात बसणे आणि क्षारसूत्र हे उपाय प्रचलित आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याचा (पूर्वीचे नाव अहमदनगर) या परंपरेशी दुहेरी संबंध आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात हिरडा उगवतो आणि अहिल्यानगर शहरात राज्यातील जुन्या आयुर्वेद महाविद्यालयांपैकी एक आहे. चिनी वैद्यकातही या विकारावर स्वतंत्र व प्राचीन उपचारपरंपरा आढळते. यांपैकी बरेचसे उपाय त्रास कमी करणारे आहेत. शौचावाटे रक्त जाण्याचे कारण मूळव्याधच आहे की अन्य काही, हे मात्र त्यांनी ठरत नाही.

नाव व स्वरूप

संस्कृत ग्रंथांत या विकाराला 'अर्श' म्हणतात. शत्रूप्रमाणे प्राणांना पीडा देणारा, असा या शब्दाचा अर्थ टीकाकार सांगतात. सुश्रुतसंहितेत अर्शाचा समावेश बरे होण्यास कठीण अशा आठ महाव्याधींत केला असून त्याचे वातज, पित्तज, कफज, रक्तज, सन्निपातज आणि सहज (जन्मजात) असे सहा प्रकार सांगितले आहेत. व्यवहारात कोरडी (शुष्क) व रक्ती (स्रावी) मूळव्याध असे दोनच भेद केले जातात.

आधुनिक वैद्यकानुसार गुदमार्गातील दंतुर रेषेच्या वर होणारी ती अंतर्गत व खाली होणारी ती बाह्य मूळव्याध होय. अंतर्गत मूळव्याधीच्या चार अवस्था मानतात. पहिलीत मोड आतच राहतात, दुसरीत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातात, तिसरीत ते हाताने आत ढकलावे लागतात आणि चौथीत कायमचे बाहेर राहतात. जुनाट बद्धकोष्ठ, कुंथणे, शौचाला दीर्घकाळ बसणे, गर्भारपण व आहारातील चोथ्याचा अभाव ही नेहमीची कारणे आहेत.

बोलीभाषेत 'मूळव्याध' हा शब्द गुदभागाच्या कोणत्याही दुखण्याला लावला जातो. गुदद्वाराला पडलेली चीर (परिकर्तिका) आणि भगंदर यांनाही अनेकदा हेच नाव मिळते. या तिन्ही विकारांचे उपचार वेगवेगळे असल्याने नावाचा हा घोळ उपचारातही उतरतो. चिरेमध्ये शौचाच्या वेळी तीव्र वेदना असते, तर साध्या अंतर्गत मूळव्याधीत बहुधा वेदनेशिवाय लालभडक रक्त पडते. भगंदरातून पू येतो.

आहारविषयक उपाय

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदावा अध्याय अर्शचिकित्सेचा आहे. त्यात ताकाला मोठे महत्त्व दिलेले आहे. मराठी घरांत जेवणानंतर जिरे, सैंधव किंवा ओवा घातलेले ताक देण्याची रीत याच विचाराशी जुळते. रक्त पडत असल्यास नागकेशराचे चूर्ण लोणी व खडीसाखरेबरोबर देतात.

सुरणाच्या कंदाला संस्कृतात 'अर्शोघ्न' म्हणजे अर्शाचा नाश करणारा असे नाव आहे. कच्च्या सुरणाने घशाला व तोंडाला खाज सुटते. म्हणून तो चिंच किंवा आमसुलाबरोबर शिजवून अथवा पुटपाक पद्धतीने भाजून वापरतात. भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर, गुलकंद, इसबगोल आणि रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा चूर्ण हे मल मऊ करणारे उपायही सर्रास केले जातात. तिखट, मद्य, वांगे व कोंबडीचा रस्सा 'उष्ण' समजून वर्ज्य केला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या ग्रामीण आहारात ज्वारी व बाजरीची भाकरी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांना परंपरेने मुख्य स्थान आहे. मैद्याचे पदार्थ वाढून भाकरी कमी झाली की आहारातील चोथा घटतो. त्यामुळे वैद्य सांगत असलेले पथ्य पुष्कळ अंशी जुन्या जेवणाकडे परतण्याचेच असते.

हिरडा व इतर वनौषधी

अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड परिसर सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर असून तेथील जंगलात हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांची वस्ती असलेल्या या पट्ट्यात हिरडा गोळा करणे हे पूरक उत्पन्नाचे साधन आहे. आठळी न धरलेली कोवळी फळे वाळवली की 'बाळहिरडा' तयार होतो. पूर्ण वाढलेल्या फळाची साल त्रिफळ्यात वापरतात. अर्शावर हिरड्याचे चूर्ण गुळाबरोबर किंवा ताकाबरोबर घेण्याचा प्रयोग आयुर्वेदात सांगितला आहे. बाळहिरडा एरंडेल तेलात परतून सौम्य रेचक म्हणून देतात. गर्भवतीला हिरडा देऊ नये, असा संकेत ग्रंथांतच आहे.

रक्ती मूळव्याधीत कुड्याची साल आणि लाजाळू या तुरट, स्तंभक वनस्पती वापरल्या जातात. आघाड्याच्या राखेपासून क्षार काढतात. कोरफडीचा गर बाहेरून लावला जातो. बिब्बा (भल्लातक) शुष्क अर्शावरील औषध म्हणून ग्रंथांत येतो. मात्र बिब्ब्याचे तेल त्वचेवर फोड आणते. शोधन न केलेला बिब्बा पोटात घेतल्यास किंवा गुदभागी लावल्यास गंभीर इजा होऊ शकते.

शेक व अवगाह

कोमट पाण्याच्या टबात कंबरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे बसणे हा उपाय आयुर्वेदात 'अवगाह' या नावाने आढळतो. पाण्यात त्रिफळ्याचा काढा किंवा किंचित तुरटी मिसळण्याची पद्धत आहे. उष्णतेने गुदद्वाराचा आवळलेला स्नायू सैल होतो व ठणका कमी होतो. पाणी सोसेल इतपतच गरम असावे लागते. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या रुग्णांना भाजण्याचा धोका असतो.

क्षारकर्म व क्षारसूत्र

सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत. नवा व सौम्य विकार औषधाने, मऊ व पसरलेले मोड क्षाराने, खरखरीत व कठीण मोड अग्नीने आणि देठ असलेले मोड शस्त्राने दूर करावेत, असा त्याचा क्रम आहे. क्षार लावल्यावर तो आम्ल द्रव्याने निष्प्रभ करण्याची सूचनाही त्यात आहे.

क्षार लावलेल्या दोऱ्याचा उल्लेख प्राचीन ग्रंथांत असून अकराव्या शतकातील चक्रदत्तात निवडुंगाचा चीक व हळद लावलेल्या सूत्राची कृती दिलेली आहे. विसाव्या शतकात, १९६०च्या दशकात, बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. प्रचलित पद्धतीत २० क्रमांकाच्या शस्त्रक्रियेच्या दोऱ्यावर एकूण २१ लेप देतात. निवडुंगाच्या चिकाचे ११, चीक व आघाड्याच्या क्षाराचे ७ आणि चीक व हळदीचे ३ लेप असा हा क्रम आहे.

मूळव्याधीत हा दोरा मोडाच्या मुळाशी बांधतात. रक्तपुरवठा तुटल्याने मोड काही दिवसांत गळून पडतो. भगंदरात तो नळीतून ओवून ठरावीक अंतराने बदलतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची १९९१ साली प्रसिद्ध झालेली बहुकेंद्रीय चाचणी भगंदरावरची होती. तीत क्षारसूत्रानंतर विकार उलटण्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. जखम भरण्यास मात्र क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे व शस्त्रक्रियेने ४ आठवडे लागले. हे आकडे मूळव्याधीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जाहिरातींत हा फरक बऱ्याचदा पुसला जातो.

अहिल्यानगरमधील आयुर्वेद शिक्षण

वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगर येथे १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली. आयुर्वेद शास्त्र सेवा मंडळाचे हे महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गुणे यांचा 'औषधी गुणधर्मशास्त्र' हा मराठी ग्रंथ वैद्यांमध्ये संदर्भग्रंथ म्हणून वापरला जातो. अर्श व भगंदर हे विकार आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात शल्यतंत्र विषयात शिकवले जातात. जिल्ह्यात आधुनिक वैद्यकाची महाविद्यालये लोणी व विळद घाट येथे आहेत. त्यामुळे औषधी, क्षारसूत्र आणि आधुनिक शस्त्रक्रिया हे तिन्ही मार्ग जिल्ह्यातील रुग्णांसमोर असतात.

चिनी परंपरा

चांगशाजवळील मावांगद्वे येथील थडग्यांतून १९७३ साली मिळालेल्या रेशमी हस्तलिखितांत बावन्न रोगांवरील उपायांचा एक ग्रंथ आहे. हे थडगे इ.स.पू. १६८ मधील आहे. या ग्रंथात मूळव्याधीचे प्रकार, धुरी देणे, तसेच मोड दोरीने बांधून सुरीने कापणे यांचे वर्णन आढळते. मोड बांधून काढण्याची कल्पना अशा रीतीने दोन्ही परंपरांत दिसते.

चिनी वैद्यकात रक्तस्रावी मूळव्याधीचे कारण आतड्यातील 'उष्णता व दमटपणा' मानले जाते. त्यावर पॅगोडा वृक्षाची फुले व 'दीयू' नावाच्या वनस्पतीचे मूळ ही थंड व स्तंभक औषधे देतात. औषधी काढ्याची वाफ घेऊन त्याच काढ्याने भाग धुण्याची पद्धत मराठी घरांतील शेकाशी मिळतीजुळती आहे. सूचिचिकित्सेत पोटरीवरील 'चंगशान' हा बिंदू वापरतात. कस्तुरी, कापूरवर्गीय द्रव्य व कॅलामाइन असलेले 'मायिंगलाँग' मलम चीनबाहेरही विकले जाते. हिरडा चिनी औषधकोशातही 'हझी' या नावाने असून तो जुनाट अतिसार व शौचावाटे रक्त जाणे यांवर वापरला जातो. विसाव्या शतकात तुरटी व टॅनिक आम्ल यांच्यापासून बनवलेले मोडात टोचण्याचे इंजेक्शन चीनमध्ये विकसित झाले. त्यावर आधारित औषध पुढे जपानमध्येही वापरात आले.

परिणामकारकता व मर्यादा

पारंपरिक उपायांपैकी चोथायुक्त आहाराला सर्वांत भक्कम आधार आहे. इसबगोलासारख्या चोथ्याने लक्षणे व रक्तस्राव टिकून राहण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो, असे चाचण्यांच्या कोक्रेन आढाव्यात दिसून आले. चोथ्याबरोबर पुरेसे पाणी न प्यायल्यास बद्धकोष्ठ वाढू शकते. रक्तस्राव थांबवणाऱ्या चिनी वनौषधींवरील २०१०च्या कोक्रेन आढाव्यात चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. कोमट पाण्याच्या शेकाने आराम वाटतो, पण त्याने मोड नाहीसे होत नाहीत. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत केवळ औषधाने कायमचा गुण येणे कठीण असते.

सर्वांत मोठा धोका निदानास होणाऱ्या विलंबाचा आहे. लाजेमुळे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, तपासणी टाळून वर्षानुवर्षे घरगुती उपायांवर राहतात. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगातही शौचावाटे रक्त जाते आणि ते मूळव्याधीचे समजून दुर्लक्षिले जाऊ शकते. शौचाच्या सवयीत बदल, वजन घटणे, काळपट मल, पंडुरोग, कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास किंवा चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेला रक्तस्राव असल्यास दुर्बिणीने तपासणी आवश्यक ठरते. दीर्घकाळ थोडे थोडे रक्त गेल्यानेही तीव्र पंडुरोग होऊ शकतो.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्रात आयुर्वेद व युनानी चिकित्सकांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार होते. नोंदणीशिवाय व्यवसाय करणे गुन्हा आहे. बाजारपेठांत 'विनाऑपरेशन मूळव्याध' अशा पाट्या लावून अपात्र व्यक्तींनी तीव्र क्षार लावल्यास किंवा इंजेक्शन दिल्यास गुदद्वार आकसणे, जंतुसंसर्ग व मलावरील ताबा जाणे हे परिणाम संभवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रशिक्षणानंतर करता येतील अशा ३९ शस्त्रक्रियांची यादी अधिसूचित केली. तीत मूळव्याध व भगंदरावरील शस्त्रक्रियांचा समावेश होता. भारतीय वैद्यक संघटनेने (आयएमए) या अधिसूचनेविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये देशव्यापी निदर्शने केली.