पेटाऱ्यावरची धूळ आणि दोन हजार वर्षांचे सागवान

१/ घरातील लाकूड किती काळ टिकते? आमच्या कर्जत-खालापूरकडे याचे उत्तर ठरलेले आहे: वाळवी लागेपर्यंत. परंतु बोरघाट चढून गेले की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सागवान आजही जागेवर उभे दिसते. ते कसे टिकले, हे समजले की घरातील पेटारा कसा जपावा हेही समजते.

२/ प्रारंभ कर्जत तालुक्यातील कोंडाण्यापासून करू. राजमाचीच्या पायथ्याची ही लेणी इ.स.पू. पहिल्या शतकातील मानली जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर सज्जे, जाळ्या आणि तुळयांची टोके कोरलेली आहेत. दगडाला यांतील कशाचीच गरज नव्हती. ज्या लाकडी इमारती पाहून हे कोरले, त्या केव्हाच नष्ट झाल्या. त्यांचे रूप तेवढे दगडात उरले.

३/ घाटमाथ्यावरील कार्ल्याला मात्र खरे लाकूड आहे. चैत्यगृहाच्या छताला सागवानी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. प्रवेशद्वार घडवणाऱ्याचे नावही तेथील ब्राह्मी लेखात आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा पुत्र. त्याचा व्यवसाय ‘वढकि’, म्हणजे सुतार.

४/ हे लाकूड टिकण्याची कारणे साधी आहेत. त्यावर पाऊस पडत नाही, त्याचा मातीशी संबंध येत नाही, आणि सागात मुळातच किडीला नकोसे असणारे घटक असतात. वाळवीला ओल लागते. तेथे ती मिळाली नाही.

५/ कोकणातील घराला ही सोय नाही. चार महिने लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते, पुढे आकसते, आणि सांधे सैल होतात. म्हणून खांबाखाली दगडी तळखडा बसवला जाई. चुलीचा धूर तुळयांना किडीपासून राखी. वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावले जाई. रोजची धूळ पुसणे हा याच व्यवस्थेचा भाग होता, कारण साचलेली धूळ ओल धरून ठेवते आणि वाळवीची मातकट वाट झाकते.

६/ एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘फ्रेंच पॉलिश’ लोकप्रिय झाले. त्याचा मुख्य घटक लाख, म्हणजे पळस-कुसुमासारख्या झाडांवरील किड्यांचा स्राव. तो प्रामुख्याने भारतातून जाई. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या या लाखेवर पाणी साचले की पांढरे डाग उठतात. जुन्या कपाटावर ओले फडके फिरवू नये, ते यासाठी.

७/ आता स्वतःची एक चूक सांगतो. आजीच्या पश्चात आमचे जुने घर दोन पावसाळे बंद राहिले. उघडले तेव्हा पेटाऱ्याचे झाकण काळे पडले होते. उत्साहाच्या भरात मी ते सँडपेपरने घासले. झाकणाच्या आतील बाजूस मोडीत एक ओळ होती, हे मला अर्धी ओळ गेल्यावर दिसले. उरलेल्या अक्षरांत फक्त ‘शके’ वाचता येते. आकडा माझ्याच हाताने पुसला गेला. इतिहासाचा विद्यार्थी असून मी घरातील एकमेव लेख नष्ट केला.

८/ म्हणून एवढे करा. धूळ मऊ, कोरड्या सुती फडक्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. पावसाळा संपला की दारे-खण उघडून वारा लागू द्या. कडक ऊन नको. आणि रंगवण्या-घासण्यापूर्वी वस्तू आतून, खालून, मागून पाहा, तिची छायाचित्रे घ्या. सुताराची खूण, एखादे नाव, एखादा शक तेथे असू शकतो.

९/ सामी सुताराचे नाव दगडावर होते, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. आपल्या घरातील सुतारांची नावे लाकडावर आहेत. ती वाचवणे फडके धरणाऱ्या हाताकडे आहे.