हिऱ्याचा आकार आणि टवका उडण्याचा धोका

सुवर्णनगरी जळगावात सोने घेताना ग्राहक शुद्धता आणि वजन पाहतो. धुळे-जळगावच्या लग्नसराईत आता हिऱ्याच्या अंगठीलाही मागणी असते. हिऱ्याच्या बाबतीत मात्र त्याचा आकारही तितकाच पारखून घ्यावा लागतो. खानदेशातून वाहणारी तापी पुढे ज्या सुरतेला जाते, तेथे जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडले जातात. या पैलूंच्या रचनेवरच हिऱ्याचा टिकाऊपणा बराचसा अवलंबून असतो.

कठीण, पण अभंग नव्हे

मोहस श्रेणीत हिऱ्याचे काठिण्य १०, म्हणजे सर्वोच्च आहे. परंतु काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणे. आघात सोसण्याची शक्ती निराळी. हिऱ्यातील अणूंची बांधणी अशी असते, की चार ठरावीक दिशांच्या प्रतलांवर तो सहज दुभंगू शकतो. खनिजशास्त्रात या गुणधर्माला ‘पाटन’ म्हणतात. ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या जोसेफ अ‍ॅशर यांनी पात्यावर घाव घालून फोडला, तो याच गुणधर्माच्या आधारे.

कोणता आकार नाजूक?

टोक जितके अणकुचीदार, तितका आघाताचा जोर एका बिंदूवर एकवटतो. चौरस ‘प्रिन्सेस’ आकाराचे चार कोपरे, होडीसारख्या ‘मार्क्विस’ची दोन टोके आणि थेंबाच्या आकाराचे एक टोक या सर्वांत नाजूक जागा होत. गोल ‘ब्रिलियंट’ हिऱ्याला कोपराच नसल्याने तो तुलनेने सुरक्षित. लंबगोल हिराही बऱ्यापैकी टिकाऊ असतो. ‘एमराल्ड’ आकारात कोपरे मुद्दाम छाटलेले असतात. त्र्यंबकेश्वराशी नाते सांगणारा प्रसिद्ध ‘नासक’ हिरा १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी नव्याने घडविला. आज ४३.३८ कॅरटचा असलेला तो हिरा याच आकाराचा आहे.

खरेदी करताना

हिऱ्याच्या वरच्या व खालच्या भागांना जोडणारी कड म्हणजे ‘गर्डल’. ती अतिशय पातळ असल्यास गोल हिऱ्याचाही टवका उडू शकतो. प्रमाणपत्रावर तिच्या जाडीची नोंद असते; ती अवश्य वाचावी. टोकदार हिऱ्याच्या प्रत्येक टोकावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची धातूची पकड असावी किंवा हिरा सर्व बाजूंनी बंद कोंदणात बसवावा. कानातल्यांत व पदकात आघाताचा संभव कमी असतो. अंगठीला तो सर्वाधिक. म्हणून रोज वापरायच्या अंगठीसाठी गोल हिरा श्रेयस्कर. भरताची वांगी ठेचताना, भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी. हिऱ्याचे दागिने एकाच डबीत ठेवू नयेत. हिऱ्यावर हिराच ओरखडा उठवतो.

टवका उडालेला हिरा पुन्हा घडविता येतो. परंतु त्यात वजन घटते आणि हिऱ्याचे मोल कॅरटवर ठरत असल्याने ते नुकसान कायमचे असते.