स्टालिनची वाचा गेली ती रात्र

२८ फेब्रुवारी १९५३, रात्र. क्रेमलिनमध्ये सिनेमा पाहून सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन मॉस्कोजवळच्या कुन्त्सेवोच्या बंगल्यावर जेवायला येतो. सोबत त्याचे निकटचे सहकारी बेरिया, मालेन्कोव, ख्रुश्चेव, बुल्गानिन. स्टालिनचं वय ७४, उच्च रक्तदाब जुनाच. विश्रांतीचा सल्ला देणारे त्याचे डॉक्टर विनोग्रादोव तुरुंगात आहेत. १३ जानेवारीला पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने नामवंत डॉक्टरांवर, त्यातल्या बहुतेक ज्यूंवर, नेत्यांच्या खुनाच्या कटाचा आरोप छापला आहे.

१ मार्च, पहाटे ४ च्या सुमारास. पाहुणे निघून जातात.

दुपार. आतून हाक नाही, हालचाल नाही. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हा तिथला नियम. पहारेकरी एकमेकांची तोंडं पाहत बसतात.

संध्याकाळी ६.३०. आत दिवा लागतो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

रात्री १० नंतर. टपालाचं निमित्त करून लोझगाचेव हा पहारेकरी आत जातो. स्टालिन जमिनीवर पडलेला, कपडे ओले. काय झालं विचारल्यावर तोंडातून फक्त ‘झ्झ’ असा आवाज निघतो.

हा पक्षाघाताचा झटका होता. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला मुख्यतः मधली मेंदूधमनी रक्त पुरवते. तिच्यापासून केसासारख्या बारीक फांद्या खोल गाभ्यात शिरतात. वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने फुटतात त्या बहुधा याच. हात-पाय हलवण्याचे आदेश नेणाऱ्या तंतूंची जुडी तिथूनच जाते आणि पुढे ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरते, म्हणून डावीकडच्या रक्तस्रावाने उजवं अंग लुळं पडतं. बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. म्हणजे मदतीला हाक मारायची तीच शक्ती आधी जाते.

हीच धमनी उजवीकडे तुंबली तर चित्र वेगळं. २ ऑक्टोबर १९१९ ला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं डावं अंग गेलं, बोलणं मात्र टिकलं. अशा रुग्णांपैकी काहींना आपलं अंग लुळं पडलंय हेच पटत नाही. पुढच्या धमनीत अडथळा आला तर पाय जास्त जातो, मागच्या धमनीत आला तर अर्धी नजर. मेंदूच्या देठाला रक्त देणारी धमनी बंद पडली, तर माणूस शुद्धीवर असूनही केवळ डोळे हलवू शकेल, अशी अवस्था येते.

२ मार्च, पहाटे ३ च्या सुमारास. पहारेकऱ्यांनी कळवल्यावर बेरिया आणि मालेन्कोव येतात. साहेब झोपलेत, उगाच घबराट करू नका, असं पहारेकऱ्यांना दरडावून निघून जातात.

सकाळी ७ च्या सुमारास. अखेर डॉक्टर येतात. रक्तदाब १९०/११०. उजवं अंग लुळं, वाचा नाही. कानांमागे जळवा लावतात. मेंदूतला रक्तस्राव थेट दाखवणारं साधन तेव्हा कुठेच नव्हतं. सीटी स्कॅन आलं १९७१ मध्ये.

५ मार्च. रक्ताची उलटी होते. श्वास वाढत जातो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. रात्री ९.५० वाजता मृत्यू. शवविच्छेदनात डाव्या मेंदूच्या गाभ्यात मोठा रक्तस्राव सापडला.

डॉक्टर वेळेत आले असते तरी त्या काळी तो वाचला असता, असं मला वाटत नाही. पण त्याच्या दाराबाहेरची माणसं अर्धा दिवस आत जायला घाबरत होती आणि ती भीती त्यानेच पोसली होती, हे विसरता येत नाही.

आपल्या घरात तसली भीती नसते, तरी वेळ जातोच. तोंड एकीकडे वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, की लोक मालिश करतात, लिंबूपाणी पाजतात, सकाळपर्यंत वाट पाहतात. कृपा करून तसं करू नका. घास-पाणीही देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन लावा. रुग्णाला सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.