तबकडी एक कीं दोन?

बीटल्स या नांवानें जगभर गाजलेल्या चौघा इंग्रज गायक-वादकांपुढें इ. स. १९६८ सालीं एक पेच पडला होता. त्यांच्याजवळ तिसांहून अधिक गाणीं तयार होतीं. त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे प्रारंभापासूनचे मार्गदर्शक जॉर्ज मार्टिन यांचें मत असें पडलें कीं, यांतील उत्तम तेवढीं निवडून एका तबकडीचा नेटका आल्बम काढावा, बाकीचीं बाजूस ठेवावीं. गायकांनीं तें ऐकलें नाहीं. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबर रोजीं दोन तबकड्या, चार बाजू, तीस गाणीं आणि सुमारें ९३ मिनिटें, असा ऐवज कोऱ्या पांढऱ्या वेष्टनांत बाहेर पडला. त्याचें खरें नांव केवळ ‘द बीटल्स’. पण लोकांनीं त्याला ‘व्हाइट आल्बम’ म्हटलें व तेंच नांव रूढ झालें. मार्टिन बरोबर होते कीं गायक, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

आल्बम हा शब्दच मुळीं जागेच्या टंचाईंतून आलेला आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. एखादी दीर्घ रचना द्यावयाची तर अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीप्रमाणें एकत्र बांधाव्या लागत. ती वही म्हणजे आल्बम. अब्दुल करीम खांसाहेबांनीं याच तीन मिनिटांत राग उभे केले, हें आमच्याकडील जुन्या घरांतून कोणास सांगावयास नको. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली व एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मोकळीं झालीं. एका तबकडीचें गाणें दोन तबकड्यांवर नेण्याचें धाडस रॉक संगीतांत १९६६ सालीं बॉब डिलन यांनीं व ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या वृंदानें केलें होतें. तेव्हां बीटल्स हे त्या वाटेचे पहिले प्रवासी नव्हेत.

एवढीं गाणीं सांचलीं कशीं, याचें उत्तर अंशतः आपल्या देशांत आहे. १९६८ च्या जानेवारींत जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहांत आपल्या वादकांसह काम करून गेले; फेब्रुवारींत चौघेही हृषीकेशला महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत दाखल झाले. रिंगो स्टार दहा-बारा दिवसांतच परतले. मॅकार्टनी कांहीं आठवडे राहिले, लेनन व हॅरिसन एप्रिलपर्यंत. ध्यानासाठीं गेलेल्या या मंडळींच्या हातीं साधी गिटार आणि पुष्कळ रिकामा वेळ यांखेरीज कांहीं नव्हतें. ध्यान कितपत साधलें हें त्यांनाच ठाऊक. गाणीं मात्र भराभर झालीं. मे महिन्यांत इंग्लंडमधील ईशर येथें हॅरिसन यांच्या घरीं त्यांनीं त्यांचे कच्चे मुद्रण केलें. त्यांतील सत्तावीस मुद्रणें उपलब्ध आहेत.

३० मे रोजीं अॅबी रोडवरील ई. एम. आय. च्या ध्वनिमुद्रणगृहांत कामास प्रारंभ झाला आणि तें ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळलें. वृंदाचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन आदल्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें वारले होते. घरांतला वडीलधारा गेल्यावर भावाभावांत जें होतें तेंच येथें झालें. निरनिराळ्या खोल्यांतून एकाच वेळीं ज्याचें त्याचें काम चाले. जुलैमध्यें ध्वनियंत्रज्ञ जेफ एमरिक कंटाळून निघून गेले. ऑगस्टमध्यें खुद्द रिंगो वृंद सोडून गेले ते दोन आठवड्यांनीं परतले. मध्यंतरीं दोन गाण्यांत तालवाद्याचें काम मुख्यतः मॅकार्टनी यांनीं उरकलें. सप्टेंबरांत मार्टिन स्वतः एका तरुण सहाय्यकावर भार टाकून सुटीवर गेले.

अशा कामांत भरताड येणारच. ‘रेव्होल्यूशन नाइन’ हा आठ मिनिटांहून दीर्घ असा ध्वनींचा गोंगाट आहे. उलट एक तुकडा मिनिटभरही टिकत नाहीं. आम्हीं हा आल्बम प्रथम ऐकला तेव्हां तिसरी बाजू संपतां संपतां मार्टिन यांची बाजू आम्हांस पूर्णपणें पटली होती, आणि केवळ रसिक म्हणून विचारल्यास अजूनही पटते. ई. एम. आय. शीं झालेल्या कराराची पूर्तता लवकर व्हावी म्हणून हा गाण्यांचा सपाटा चालला होता, असें आपणांस मागाहून कळल्याचें मार्टिन यांनीं सांगितलें आहे.

परंतु काटछांट करावयाची म्हणजे कोणाची? लेनन व मॅकार्टनी या दोघांच्या गाण्यांनीं आल्बम भरत आणि हॅरिसन यांच्या वांट्यास उरलीसुरली जागा येई. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ मध्यें त्यांचें एकच गाणें होतें. या दुहेरी आल्बमांत त्यांचीं चार आहेत. आणि वांटणी अशी, कीं चार बाजूंवर बरोबर एकेक. शिवाय रिंगो यांनीं एकट्यानें रचलेलें पहिलें गाणेंही यांतच आलें. जागा निम्मी केली असती तर कात्री लेनन-मॅकार्टनींच्या गाण्यांवर आधीं चालली असती, असें आम्हांस वाटत नाहीं. हॅरिसन यांचें ‘नॉट गिल्टी’ शंभरांहून अधिक वेळां मुद्रित होऊनही वगळलें गेलें. तें त्यांनीं १९७९ सालीं स्वतःच्या आल्बमांत दिलें. गाण्यांचा क्रम ठरविणारी अखेरची बैठक १६ ऑक्टोबरला सुरू होऊन अहोरात्र चालली. तींत लेनन, मॅकार्टनी व मार्टिन होते. ज्यांचीं गाणीं पणास लागलीं होतीं ते दोघे तेव्हां परदेशीं होते!

म्हणून आमचा निर्णय असा : वृंद एकजीव असेल तर मार्टिन यांचा सल्ला शिरसावंद्य, पण चार मनें चार दिशांना गेलीं असतां एका तबकडीचा आग्रह म्हणजे दोघांच्या पसंतीला वृंदाची पसंती म्हणणें होय. आल्बमाचा पसारा हेंच १९६८ च्या बीटल्सचें खरें चित्र आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकास तरी तो छाटलेला नको. वृंद मोडतांच १९७० सालीं हॅरिसन यांनीं तीन तबकड्यांचा आल्बम काढला, यावरून किती गाणीं तुंबून राहिलीं होतीं याची कल्पना येते.

गंमत अशी कीं, त्या काळीं गाजलेलें ‘हे ज्यूड’ हें सात मिनिटांचें गाणें चार बाजूंची जागा असतांही यांत घेतलें नाहीं. एकेकटें गाणें आल्बमांत पुन्हां न देण्याची इंग्लंडांतील रीत त्यांनीं येथें पाळली. रिंगो यांनीं पुढें सुचविलें कीं, याचे दोन स्वतंत्र आल्बम करावयास हवे होते. नेमकी हीच युक्ति ‘गन्स अँड रोझेस’ या अमेरिकन वृंदानें १९९१ सालीं योजिली व एकाच दिवशीं दोन आल्बम विक्रीस ठेविले. ‘द क्लॅश’ यांनीं १९७९ सालीं दोन तबकड्या एकीच्या किंमतींत देऊन ग्राहकाची तक्रारच मिटविली. मॅकार्टनी यांना मात्र या चर्चेचा मनस्वी कंटाळा आहे. आल्बम आहे तसा उत्तम आहे, एवढेंच ते बजावतात.

मार्टिन २०१६ सालीं निवर्तले. दोन वर्षांनीं आल्बमास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां त्याची नवी आवृत्ति सिद्ध करण्याचें काम त्यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांच्याकडे आलें. त्यांनीं मूळ तीस गाण्यांतील एकही न गाळतां ईशरचीं सत्तावीस कच्चीं मुद्रणें आणि ध्वनिमुद्रणगृहांतील आणखी पन्नास मुद्रणें तीस जोडलीं.