सर्पगंधा, ससे आणि थरथरणारा हात

मागच्या बैठकीत बचतीच्या वहीवर सही करताना आमच्या गटातल्या एका आजींचा हात इतका थरथरला, की शेवटी त्यांनी अंगठाच उमटवला. "वयच झालं आता," कुणीतरी म्हणालं. पण हा कंपवातही असू शकतो, आणि कंपवाताला औषध आहे. ते सापडलं त्याची गोष्ट आपल्याकडच्याच एका झाडापासून सुरू होते.

ते झाड सर्पगंधा. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. औषध जगभर गेलं. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांचं अंग कंपवात झाल्यासारखं ताठरू लागलं. असं का व्हावं?

१९५७ मध्ये स्वीडनमध्ये अरविद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून बसले, जागचे हलेनात. मग त्यांना डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले! डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. रेसरपिनने तोच साठा रिकामा केला होता. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर त्यांतही डोपामिन फारच कमी. पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना लेव्होडोपा टोचलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती का होईना, उठून चालली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

त्या सशांचं आम्हाला वाईट वाटतं, ते लपवत नाही. शिवाय ससा हा अर्धाच नमुना होता. औषध उतरलं की तो बरा व्हायचा. कंपवातात मात्र डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. तसा नमुना अपघातानेच हाती आला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट नशेचं इंजेक्शन घेतलेले काही जण थोड्याच दिवसांत लाकडासारखे ताठ झाले. त्यातलं एमपीटीपी हे विष माकडांना देऊन पुढचा अभ्यास सुरू झाला. पेशींचं मरणं थांबवणं अजून जमलेलं नाही.

लेव्होडोपाची गोळी मात्र आजही चालते. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण म्हणून घरी कुटून कुणाला देऊ नका. किती पोटात गेलं ते कळत नाही.

आजींना येत्या मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे. सोबत कोण येतंय?