बर्फावरचे दत्तक

ता. १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं दक्षिण कोरियांतील गांगनुंग या समुद्रकांठच्या शहरीं बर्फावरील हॉकीचा एक सामना झाला. एका बाजूस कोरियाच्या मुली, दुसऱ्या बाजूस जपानच्या. ज्या जपाननें १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केलें, त्याच्याशीं होणारा कोणताहि सामना कोरियन मनुष्याला निव्वळ खेळ वाटत नाहीं. जपाननें हा सामना चार विरुद्ध एक अशा गोलांनीं जिंकला. परंतु त्या दिवशीं प्रेक्षागृह दुमदुमलें तें जपानच्या चार गोलांनीं नव्हे, तर कोरियाच्या एका गोलानें. ऑलिंपिकमध्यें कोरियन स्त्रियांनीं केलेला तो पहिलाच गोल होता.

आतां हा गोल केला कोणी, तें पाहा. गोल करणारी रँडी ग्रिफिन अमेरिकेंत जन्मली, तेथेंच वाढली आणि हार्वर्ड विद्यापीठांत शिकली. तिची आई मात्र कोरियन. तिच्याकडे चकती सरकवून देणारी मुलगी कोरियांत जन्मलेली, पण तान्ही असतांनाच अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतल्या एका कुटुंबांत दत्तक गेलेली. तिचें अमेरिकन नांव मरिसा ब्रँट. परंतु या सामन्यांत तिच्या पाठीवर पाक युन-जंग हें तिचें जन्मनांव होतें. आणि याच ऑलिंपिकमध्यें तिची अमेरिकेंतील बहीण हॅना ही अमेरिकेच्या संघांतून खेळत होती व पुढें सुवर्णपदक घेऊन गेली! एका घरांत वाढलेल्या दोन बहिणी, दोन झेंडे. मग हा गोल कोरियाचा म्हणावयाचा कीं अमेरिकेचा? प्रश्न खेळाचा दिसतो. परंतु तो वस्तुतः राष्ट्र म्हणजे काय, याविषयींचा आहे.

प्रथम हा प्रसंग कोरियावर कां आला तें सांगितलें पाहिजे. हिवाळी ऑलिंपिक भरविण्याचा मान प्याँगचांगला २०११ सालीं मिळाला. बर्फावरील वेगाच्या शर्यतींत कोरियन लोक जगांत अग्रेसर. पण हॉकींत त्यांची स्थिति केविलवाणी होती. १९८२ सालीं जागतिक स्पर्धेच्या खालच्या वर्गांत जपाननें त्यांचा पंचवीस विरुद्ध शून्य असा फडशा पाडला होता. पुढें सुधारणा झाली खरी, तथापि वरच्या दर्जाच्या खेळाडूंची संख्या शे-दीडशेंच्या पलीकडे कधीं फारशी गेली नाहीं. यजमानास आपोआप मिळणारी जागा आंतरराष्ट्रीय हॉकी मंडळानें २००६ नंतर बंद केली होती. ती कोरियाकरितां २०१४ च्या सप्टेंबरांत पुन्हां देण्यांत आली. अर्थात् घरच्या मांडवांत हंसें होऊं नये, ही चिंता मंडळालाहि होती व कोरियालाहि होती.

उपाय कायद्यांत सांपडला. कोरियन समाज स्वतःस एकरक्ताचा, एकवंशाचा मानीत आलेला. अशा देशानें २०१० सालीं आपला नागरिकत्वाचा कायदा बदलला. विशेष गुणवान् परदेशीयांस मूळचें नागरिकत्व न सोडतां कोरियन होतां यावें, अशी वाट त्यानें मोकळी केली. या वाटेनें २०१३ सालीं कॅनडांतील ब्रॉक राडुन्स्की हा आंत आला. त्याच्या मागून आणखी पांच कॅनेडियन व टेस्टवाइड नांवाचा एक अमेरिकन, असे एकूण सात जण २०१८ च्या पुरुषसंघांत दाखल झाले. त्यांच्या अंगांत कोरियन रक्ताचा थेंबहि नव्हता. मात्र ते रस्त्यावरून उचलून आणलेले नव्हते. नव्या देशाकडून खेळण्यापूर्वीं त्या देशांतील स्पर्धांतून सलग दोन वर्षें खेळलें पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय मंडळाचा दंडक आहे. आणि राडुन्स्की तर २००८ पासूनच आन्यांग शहराच्या संघांत होता. गोलरक्षक मॅट डाल्टन यानें हान रा-संग असें कोरियन नांव धारण केलें. शिक्षक जिम पेक हे सेऊलला जन्मून बालपणींच कॅनडांत गेलेले. कॅनडा-अमेरिकेंतील स्टॅन्ले चषक त्यांनीं खेळाडू म्हणून दोनदां जिंकलेला. म्हणजे ज्याला रक्त कोरियन तो कॅनडाचा होऊन परत आला, आणि ज्याला रक्त कॅनडाचें तो कोरियन झाला.

ही युक्ति नवी नाहीं. १९३६ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें ब्रिटननें या खेळांत सुवर्णपदक मिळविलें. १९२० पासून कॅनडानें तें दुसऱ्या कोणास घेऊं दिलें नव्हतें. ब्रिटिश संघांतील बहुतेक खेळाडू जन्मानें ब्रिटिश, पण बालपण व खेळाचें शिक्षण कॅनडांतलें. गोलरक्षक जिमी फॉस्टर हा ग्लासगोचा, पण वाढलेला विनिपेगला. सात सामन्यांत त्यानें अवघे तीन गोल होऊं दिले. त्यानें व आर्चर यानें परवानगीवांचून देश सोडला, म्हणून कॅनडानें तक्रार गुदरली आणि पुढें ती मागें घेतली. मग ब्रिटननें कॅनडालाच दोन विरुद्ध एक असें हरविलें. विद्या कॅनडाची, पदक ब्रिटनचें!

१९९८ सालीं नागानो येथें यजमान जपाननें जपानी वंशाचे कॅनेडियन खेळाडू संघांत घेतले. १९४२ सालीं कॅनडा सरकारनें ज्या समाजाच्या सुमारें बावीस हजार लोकांना शत्रुवंशीय ठरवून पश्चिम किनाऱ्यावरून हुसकून लावलें होतें, त्याच समाजाचे हे नातू. एका देशानें परके मानलें, दुसऱ्यानें अर्धशतकानंतर आपले म्हणून बोलाविलें! २००६ सालीं तुरीन येथें इटलीनेंहि परदेशीं गेलेल्या आपल्या लेंकरांच्या वंशजांनाच हांक मारली.

पण जपान व इटली यांनीं निदान रक्ताचा धागा धरला होता. कोरियाच्या पुरुषसंघानें तोहि सोडला. म्हणून तेथें टीका झाली. "हे भाडोत्री सैनिक आहेत," असें कांहींचें म्हणणें. देशी तरुणानें सक्तीची लष्करी सेवा करावयाची, लहानपणापासून थंड मैदानांवर कष्ट उपसावयाचे, आणि ऐन सणाच्या दिवशीं पानावर दुसऱ्यानेंच बसावयाचें, हा कोठला न्याय? हा आक्षेप पोकळ नाहीं. संघांत जागा पंचवीस; सात आंत आले कीं सात बाहेर राहतात, आणि बाहेर राहिलेल्यांचीं नांवें इतिहास लिहीत नाहीं.

परंतु दुसरी बाजूहि आहे. २०१६ सालीं कोरियाच्या पुरुषांनीं जागतिक स्पर्धांत जपानला प्रथमच हरविलें. २०१७ सालीं कीव्ह येथें ते अत्युच्च वर्गांत चढले. ही पायरी त्यांनीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. ऑलिंपिकमध्यें ते चारहि सामने हरले: चेक संघाशीं १–२, स्वित्झर्लंडशीं ०–८, कॅनडाशीं ०–४ आणि फिनलंडशीं २–५. पण चेक संघाविरुद्ध पहिला गोल करणारा चो मिन-हो हा अस्सल कोरियन होता, व त्याच्या मागें गोल राखीत उभा होता तो डाल्टन. पाहुण्यानें दार सांभाळलें, म्हणून घरच्याला अंगणांत पराक्रम करतां आला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

याच्या उलट चित्र स्त्रियांच्या संघांत दिसलें. २०१८ च्या जानेवारींत राजकारणाचें चक्र फिरलें आणि उत्तर कोरियाच्या बारा मुली दक्षिणेच्या तेवीस मुलींत मिसळून एकच संघ करण्याचें ठरलें. प्रत्येक सामन्यांत उत्तरेच्या निदान तिघी खेळल्याच पाहिजेत, अशी अट. रक्ताच्या न्यायानें या तर सख्ख्या बहिणी! पण सत्तर वर्षांच्या ताटातुटीनें भाषाहि दुभंगलेली. दक्षिणेच्या मुली खेळांतले शब्द इंग्रजी वापरीत, उत्तरेच्या मुली शुद्ध कोरियन. शेवटीं दोघींच्या शब्दांची यादी करून वांटावी लागली. आणि कॅनेडियन पुरुषांच्या वेळीं नव्हता एवढा क्षोभ दक्षिणेच्या तरुणांत या वेळीं उसळला. चार वर्षें घाम गाळलेल्या मुलींच्या जागा राजकारणासाठीं कां द्यावयाच्या, असें ते विचारूं लागले. या संघाला पदकाची आशा तशीहि नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढल्याबद्दल खुद्द पंतप्रधानांना क्षमा मागावी लागली. म्हणजे न्यायाची तरुणांची कसोटी रक्त ही नव्हती, श्रम ही होती.

चार वर्षांनीं, २०२२ सालीं, बीजिंगला हाच खेळ पुन्हां झाला. चीनचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. तरी अमेरिका-कॅनडांतील खेळाडू चिनी उच्चारांत बसविलेलीं नांवें घेऊन उतरले. जुनें नागरिकत्व सोडलें काय, असें विचारलें कीं उत्तर टाळलें जाई. चारहि सामने गेले. येथें मला कोरियाची रीत अधिक सरळ वाटते. तिनें आपल्या दत्तकांना जुन्या घराची आठवण लपविण्यास सांगितलें नाहीं. आपल्या देशानें तर २००८ सालीं याच्या नेमकें उलट धोरण ठरविलें: भारतीय वंशाचा असला, तरी ज्याच्यापाशीं परदेशाचें पारपत्र आहे त्याला राष्ट्रीय संघांत स्थान नाहीं. दोन्ही टोकांना आपापला तर्क आहे.

मग निर्णय काय? आपल्याकडे दत्तकाची रूढि जुनी आहे, आणि ती एक गोष्ट शिकविते. दत्तकाची परीक्षा उत्सवाच्या दिवशीं होत नाहीं. उत्सव संपून मांडव उतरल्यावर घर चालतें कीं नाहीं, यावरून ती होते. त्याच २०१८ च्या वसंतांत डेन्मार्क येथें कोरियाचे पुरुष सातहि सामने हरले आणि खालच्या वर्गांत परतले. आशियाई साखळींत खेळणारे दोन कोरियन संघ पुढील तीन वर्षांत त्या साखळींतून बाहेर पडले. हा दोष आलेल्यांचा नाहीं. ज्यांनीं फळ विकत घेतलें पण झाड लावलें नाहीं, त्यांचा आहे. उलट सुवन शहरानें त्याच वर्षीं स्त्रियांचा पगारी संघ उभा केला. त्या एका गोलाचें खरें मोल येथें दिसतें.

चो मिन-हो २०२२ सालीं पस्तीशींतच कर्करोगानें वारला. त्याच्या गोलाच्या वेळीं जे परदेशी वीर त्याच्या बरोबर बर्फावर होते, ते त्याच्याच झेंड्याचे सोबती होते, हें कोणत्याहि रक्तपरीक्षेनें खोटें ठरणार नाहीं. राष्ट्र रक्तानें सुरू होत असेल, कागदावर नोंदलें जात असेल. पण तें टिकतें एकत्र सोसलेल्या हारींनीं, आणि पुढच्या पिढीसाठीं मागें ठेवलेल्या मैदानानें.