‘आला असता’मधला ल

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ रचणाऱ्या या पंडिताच्या संस्कृतात न घडलेल्या गोष्टीसाठी लृङ् हा वेगळा लकारच, म्हणजे क्रियारूपांचा वर्गच, होता : ‘अभविष्यत्’, म्हणजे ‘झाले असते’. सावित्रीकाठचा शेतकरी मात्र म्हणतो, ‘पाऊस वेळेवर आला असता, तर लावणी उरकली असती.’ लृङ् प्राकृतातच जवळजवळ संपला. त्याचे काम ‘-ता’ या वर्तमानकालवाचक धातुसाधिताने उचलले. ‘जर-तर’ आले ‘यर्हि-तर्हि’वरून. इथवर भांडण नाही.

भांडण आहे ‘आला’तल्या ‘ल’चे, आणि त्याचे एक टोक पोलंडात आहे.

‘ते आले असते तर’ याला पोलिशमध्ये म्हणतात ‘ग्दिबि प्शिश्लि’. तिथले ‘-लि’ आपल्या ‘-ले’सारखेच भूतकाळाचे, आणि लिंग-वचनानुसार बदलणारे. ‘ग्दिबि’तला ‘बि’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदाचा जुना अवशेष. तो आणि ‘अभविष्यत्’मधला ‘भू’ एकाच मुळाचे. इंग्रजी बोलणारा विद्यार्थी या ‘बि’शी फार झगडतो, कारण पोलिशला तो वाक्याच्या दोन्ही अंगांत लागतो. मराठी माणसाला त्यात नवल नाही. आपला ‘असता’ही दोन्हीकडे येतो. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले. म्हणजे हे दोन ‘ल’ पंचगंगेकाठी शेजारीही होते.

पण ते सख्खे की नुसते नावबंधू?

एक पक्ष म्हणतो, संस्कृत ‘आगत’मधल्या ‘त’चा ‘द’ आणि ‘द’चा ‘ल’ झाला. हे पटत नाही. महाराष्ट्री प्राकृतात स्वरांमधला ‘त’ गळून ‘आगअ’ होते. बदलायला ‘त’ उरतोच कुठे? श्रवणबेळगोळच्या जुन्या मराठी शिलालेखातले ‘करवियलें’ (करविले) तर निर्णायकच. त्यातला ‘य’ ही जुन्या ‘-इत’ची खूण आणि ‘ल’ त्याहून निराळा. म्हणून भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मानलेला प्राकृत ‘-इल्ल’ हा प्रत्ययच इथे खरा वाटतो.

मग पोलिश नाते तुटले का? पुरते नाही. स्लाव्ह ‘ल’ मुळात विशेषणे घडवणारा, आणि संस्कृतातल्या ‘बहुल’, ‘शिथिल’मध्येही तशीच घडण दिसते. ‘-इल्ल’ याच घरातून निघाला असणार. जुन्या आर्मेनियन भाषेतही भूतकालवाचक धातुसाधिताला ‘ल’ लागतो, ही या बाजूची आणखी एक साक्ष. विरुद्ध बाजूला पाणिनीची सगळी भाषा उभी आहे : तिथे भूतकालवाचक धातुसाधिताचे काम ‘त’ आणि ‘न’ करतात, ‘ल’ नाही.